मांडलिक राजे : हेरोदाचे घराणे व खानदेशचे फारुकी

लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी हेरोद व फिलिप्प यांस 'मांडलिक' म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चतुर्थांशाचा अधिपती असा असून ही पदवी राजापेक्षा कमी दर्जाची होती. विद्यार्थी हा शब्द वाचून सहज पुढे जातात. परंतु त्याचा अर्थ नीट कळल्यावाचून त्या काळची पुष्कळ प्रकरणे उलगडत नाहीत. मांडलिकास सिंहासन असते, खजिना असतो, फौजही असते. मात्र त्याचा हक्क त्याच्या प्रजेपासून येत नाही, सार्वभौम सत्तेपासून येतो. असे राजे आपल्या तापीकाठीही होऊन गेले आहेत. म्हणून दोन्ही उदाहरणे आम्ही येथे जोडीने मांडतो.

थोरला हेरोद हा अदोमी कुळातला. इ. स. पू. ४० मध्ये रोमच्या सीनेट सभेने त्यास यहूद्यांचा राजा ठरविले, तेव्हा राजधानी त्याच्या हाती नव्हती. रोमन फौजेच्या साहाय्याने त्याने ती इ. स. पू. ३७ मध्ये घेतली. पुढे त्याचा आश्रयदाता अँटनी पराभूत होताच तो ऱ्होड्स बेटावर विजयी ऑक्टेव्हियनापुढे मुकुट उतरवून उभा राहिला, आणि तोच मुकुट परत मिळवून आला. त्याने यरुशलेमेचे मंदिर नव्याने भव्य बांधविले, कैसरिया हे बंदर वसविले. पण आपले राज्य कोणास द्यावे हेही त्याच्या एकट्याच्या हाती नव्हते.

इ. स. पू. ४ मध्ये तो वारला, तेव्हा मृत्युपत्रास कैसराची संमती घेण्याकरिता पुत्रांस रोमला जावे लागले. औगुस्ताने राज्याचे तुकडे केले. यहूदीया मिळालेल्या अर्खेलावाविरुद्ध प्रजेच्या तक्रारी गेल्या व इ. स. ६ मध्ये त्यास गॉल देशी हद्दपार करून तेथे रोमन अंमलदार नेमण्यात आला. पिलात हा त्याच मालिकेतला. गालीलाच्या अंतिपाने, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा वध करविणाऱ्या हेरोदाने, पत्नीच्या आग्रहास्तव 'राजा' ही पदवी मागितली. ती तर मिळाली नाहीच, उलट इ. स. ३९ मध्ये होते तेही गेले. पौलाचे भाषण ऐकणारा दुसरा अग्रिप्पा इ. स. ६६ च्या बंडात रोमच्या पक्षास राहिला. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले, ते त्याच्याच पणजोबाने बांधविलेले होते.

आता खानदेशाकडे वळू. शिरपूर तालुक्यातील थाळनेर आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचे आहे. १३७० साली दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने हा मुलूख मलिक राजा फारुकी यास दिला. त्याचा पुत्र नासिरखान याने असीरगड घेतला व बऱ्हाणपूर वसविले. त्यास 'खान' ही पदवी गुजरातच्या सुलतानाने दिली; तीवरूनच मुलखास खानदेश नाव पडले, असे एक मत आहे. दुसऱ्या आदिलखानाने गुजरातची खंडणी थांबविली, तेव्हा १४९८ साली महमूद बेगडा फौजेसह आला व खंडणी भरावी लागली. पुढे गादीविषयी तंटा उपस्थित झाला असता त्याच महमुदाने १५०९ साली आपल्या पसंतीचा पुरुष थाळनेर येथे गादीवर बसविला. मृत्युपत्र घेऊन रोमला गेलेले हेरोदपुत्र येथे कोणास आठवणार नाहीत?

या घराण्यातील राजा अलीखान हा शहाणा राजा. हेरोदाप्रमाणे त्यासही बांधकामाची हौस होती. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत त्याने अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरविला. त्याने अकबराचे वर्चस्व मान्य केले आणि १५९७ साली गोदावरीकाठच्या लढाईत दक्षिणी सुलतानांच्या फौजेशी मोगलांच्या बाजूने लढत तो पडला. त्या रात्री तो दिसेना, तेव्हा तो शत्रूस मिळाला अशा समजुतीने मोगलांनीच त्याची छावणी लुटली. नंतर त्याचे प्रेत रणात सापडले. त्याचा पुत्र बहादुरखान नमला नाही. १६०१ च्या जानेवारीत असीरगड पडला, बहादुरखानाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली, आणि शहाजादा दानियाल याच्या नावावरून खानदेशास 'दानदेश' म्हणू लागले.

दोन्ही घराण्यांत कर्तृत्वाचा अभाव नव्हता. उणीव होती ती आधाराची. अंतिपाने वरचढ सत्तेपाशी अधिक मागितले, बहादुरखानाने नकार दिला. दोघांचीही राज्ये गेली. राजा अलीखानाने तर प्राण वेचले, तरी एका रात्रीपुरताही विश्वास त्याच्या वाट्यास आला नाही. दुसऱ्याच्या मर्जीवर उभी असलेली सत्ता इमानाने टिकत नाही, केवळ देणाऱ्याच्या गरजेने टिकते. जो अधिकारी वरच्याकडेच पाहतो, त्यास खालच्या माणसाचे दुःख दिसेनासे होते. योहानाचा तुरुंग याची साक्ष आहे. विद्यार्थ्यांनी उद्या लहानमोठा अधिकार हाती घेताना, आपण कोणास जबाबदार आहो, हा प्रश्न स्वतःस अवश्य विचारावा.

अभ्यासार्थ प्रश्न
१. राजा व मांडलिक यांतील भेद उदाहरणे देऊन सांगा.
२. अर्खेलाव व बहादुरखान यांची राज्ये कोणत्या भिन्न कारणांनी गेली?
३. नकाशात तापीच्या काठी थाळनेर व बऱ्हाणपूर दाखवा.