साठवणीच्या पाण्यातील विषारी शेवाळ व उपकारक जिवाणू

अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबा हे गाव गोदावरीच्या काठी वसलेले आहे. या परिसरात कालव्याचे आवर्तन येताच पाणी तळ्यात साठवावे व पुढील आवर्तनापर्यंत पुरवावे, अशी वहिवाट आहे. अशा साठ्यात खताचा व गोठ्यातील मलमूत्राचा अंश वाहून आला आणि ऊन तापले, म्हणजे पाण्यावर हिरवी साय धरते. ही साय पुष्कळदा मायक्रोसिस्टिस या नीलहरित शेवाळाची असते. याच वर्गातील काही शेवाळे भातखाचरात हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. तेव्हा सर्वच शेवाळास दोष देणे उचित नव्हे. परंतु मायक्रोसिस्टिसचे अनेक वाण मायक्रोसिस्टिन नावाचे विष निर्माण करतात व ते जनावरांच्या आणि माणसांच्या यकृतावर आघात करते.

हे विष सात अमिनो आम्लांच्या बंद कड्यासारखे असल्यामुळे पाणी उकळूनही टिकून राहते. मोरचूद टाकल्यास शेवाळ मरते खरे, पण फुटलेल्या पेशींतील विष एकदम पाण्यात उतरते. ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ साली धरणाच्या पाण्यात मोरचूद टाकल्यानंतर १४८ जण आजारी पडले. तेथील शेवाळ व विष निराळ्या जातीचे होते, तरी धडा तोच.

त्याच देशातील मरम्बिजी नदीच्या पाण्यातून संशोधकांनी १९९४ साली स्फिंगोमोनास जातीचा एक जिवाणू वेगळा केला. त्याचे पहिले विकर विषाचे कडे एके ठिकाणी तोडते. एवढ्यानेच विषाची तीव्रता सुमारे १६० पटींनी घटते. पुढील विकरे उरलेल्या साखळीचे तुकडे करतात. असे जिवाणू अनेक नद्यातळ्यांत निसर्गतः आढळतात. मात्र त्यांची वाढ होऊन काम सुरू होण्यास काही दिवस, क्वचित काही आठवडेही लागतात. तोवर पाणी धोक्याचेच समजावे.

या जिवाणूंचा व्यवहारात उपयोग होतो तो मुख्यतः मंदगती वाळूच्या गाळणीत. वाळूच्या वरच्या थरावर जी चिकट पापुद्र्यासारखी साय जमते, तीत त्यांची वस्ती असते. म्हणून क्लोरीन गाळणीच्या आधी न घालता नंतर घालावे, आणि वाळू धुताना सर्व थर एकाच वेळी खरवडून काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम सुचविली आहे. ती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नसल्याने नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, व निकाल येईपर्यंत साय धरलेल्या काठावर गुरे पाण्यावर नेऊ नयेत.