‘स्मृतिचित्रे’तील दुःखानुभव आणि ख्रिस्तश्रद्धा

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी विरह व लोकनिंदा सोसली. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तथापि ‘स्मृतिचित्रे’तील त्यांचे निवेदन रूढ धर्मांतरकथेहून वेगळे ठरते. धर्मांतरकथेत पूर्वायुष्यातील दुःख बहुधा ईश्वरी योजनेची पूर्वतयारी म्हणून येते आणि श्रद्धेच्या प्रकाशात त्याचे शल्य विरून जाते. लक्ष्मीबाई मागील दुःखावर असा उत्तरकालीन अर्थ लादीत नाहीत. त्या वेळचा संताप, शिवाशिवीची धास्ती व भाबडेपणा त्या जसाच्या तसा, प्रसंगी स्वतःलाही हसत, नोंदवितात. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हा निर्णय त्यांच्या मनात आधी होतो. ख्रिस्तश्रद्धा मागाहून येते. त्यामुळे ही श्रद्धा भोगलेल्या दुःखाचे समर्थन करीत बसत नाही. त्याकडे निर्मत्सरपणे पाहण्याचे बळ तेवढे देते.

१९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या श्रद्धेपायी एके काळी त्यांचा संसार दुभंगला होता, तिचेच महाकाव्य त्यांच्या हातून आकारास आले. दुःखाच्या अर्थाविषयी ‘स्मृतिचित्रे’त जे अनुच्चारित राहते, ते या कार्यात शोधावे लागते. म्हणून या दोन ग्रंथांचे वाचन एकत्रितपणे व्हावयास हवे.