एंजिनाची शक्ती आणि शाफ्टचे बळ

अमेरिकेच्या उटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. प्राचीन काळी तेथे सरोवर होते. ते आटल्यावर तळाशी मिठाचा सपाट व कठीण थर राहिला. मोटारींच्या वेगाचे अनेक उच्चांक याच मैदानावर नोंदले गेले. जागतिक उच्चांकाचा नियम असा की, ठरावीक अंतर मोटारीने एका तासाच्या आत दोन्ही दिशांनी कापले पाहिजे. दोन्ही फेऱ्यांची सरासरी हाच तिचा वेग मानतात.

१९४७ साली जॉन कॉब या इंग्रज चालकाने येथे ताशी ३९४ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे ६३४ किलोमीटर, इतका सरासरी वेग गाठला. तो मोडण्यासाठी ९ सप्टेंबर १९६० रोजी कॅलिफोर्नियाचे मिकी टॉम्प्सन मैदानात उतरले. त्यांच्या ‘चॅलेंजर’ मोटारीत पॉन्टिअॅक बनावटीची चार एंजिने होती. एंजिनात अधिक हवा दाबून भरणारे सुपरचार्जर बसवून त्यांची शक्ती वाढविलेली होती. पहिल्या फेरीत वेग ताशी ४०६.६० मैल भरला. परंतु परतीच्या फेरीत चाकांकडे शक्ती नेणारा शाफ्ट मोडला. फेरी अपुरी राहिली, उच्चांक हुकला.

शाफ्ट मोडतो कशाने? एंजिनातील शक्ती क्लच, गिअरपेटी, शाफ्ट, डिफरन्शियल व चाकांचे आस या मार्गाने जमिनीपर्यंत जाते. ओले धोतर पिळताना दोन्ही टोके विरुद्ध दिशांनी फिरवितात, तसाच पीळ शाफ्टला बसतो. एका टोकाला एंजिन त्याला फिरविते, दुसऱ्या टोकाला चाके विरोध करतात. गिअर हा पीळ वाढवितात. एंजिनाचा पीळ ५० एकके असून गिअरचे प्रमाण तिनास एक असेल, तर घर्षण वगळता शाफ्टवर १५० एककांचा पीळ येतो. मिठावर चाक घसरले की ते बेफाम फिरते आणि पुन्हा पकड मिळताच एकाएकी मंदावते. त्या क्षणीचा हिसका नेहमीच्या भाराहून पुष्कळ मोठा असतो.

आता एंजिन बदलण्याचा प्रश्न पाहू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी ३०० किलोमीटरवरून ४०० वर जाण्यास जवळजवळ २.४ पट शक्ती हवी. म्हणून स्पर्धकाचा ओढा मोठ्या एंजिनाकडे असतो. शिवाय १९४९ साली येथे सुरू झालेल्या ‘वेग-सप्ताहा’त एंजिनाच्या आकारमानानुसार गट पाडलेले असतात. त्यामुळे एंजिन बदलून तीच मोटार दुसऱ्या गटात उतरविता येते. बिघडलेले एंजिन रातोरात काढून दुसरे बसविणारे स्पर्धकही तेथे असतात.

परंतु नवे एंजिन जुन्या शाफ्टला पेलेल काय? भरीव गोल शाफ्टची पीळ सोसण्याची क्षमता व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ५० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट ५५ मिलिमीटरचा केला, तर ती सुमारे एकतृतीयांशाने वाढते. म्हणजे एकतृतीयांश अधिक पीळ देणाऱ्या एंजिनासाठी व्यासात केवळ दशांश वाढ पुरते. मात्र शाफ्ट जाड केल्यावर तोच भार गिअरच्या दात्यांवर व आसांवरही येतो, हे विसरता कामा नये. संपूर्ण मार्गाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

१२ नोव्हेंबर १९६५ रोजी बॉब समर्स यांनी ‘गोल्डनरॉड’ मोटार याच मैदानावर चालविली. तिच्यातही चारच एंजिने होती आणि सुपरचार्जर नव्हते. तरीही दोन्ही फेऱ्या पूर्ण होऊन ताशी ४०९.२७७ मैलांचा उच्चांक नोंदला गेला. पुढे २०१८ साली मिकी यांचे पुत्र डॅनी टॉम्प्सन यांनी, वडिलांनी १९६८ साली बांधलेली ‘चॅलेंजर दोन’ नव्या एंजिनांनिशी वेग-सप्ताहात उतरविली. दोन दिवसांतील दोन धावांची सरासरी ताशी ४४८.७५७ मैल भरली. त्या मोटारीत एंजिने दोनच होती. पण त्यांची शक्ती दोन्ही वेळा चाकांपर्यंत पोहोचली.