‘पिप’च्या माजघरात शिरू नका

जून २०१८. धारगळात पावसानं नुकता जोर धरला होता. गावाजवळच्या एका शाळेतले संगणक मी हौसेनं सांभाळतो. सकाळीच मास्तरांचा फोन आला, “अरे बाबू, मुलं येऊन बसलीत आणि एकही मशीन तयार नाही.”

तयारी करणारी स्क्रिप्ट माझीच. मे महिन्याच्या सुट्टीनंतर ती प्रत्येक संगणकावर चालायची. आधी पायथनची पॅकेजेस बसवणारा ‘पिप’ अद्ययावत करायची, मग कोणती पॅकेजेस आहेत ते बघून नसतील ती बसवायची. हे सगळं मी पिपला आज्ञा देऊन नव्हे, तर त्याच्या पोटातली फंक्शनं इम्पोर्ट करून करत होतो. १४ एप्रिल २०१८ ला पिपची दहावी आवृत्ती आली आणि ही फंक्शनं ‘_इंटर्नल’ नावाच्या कप्प्यात गेली. पडद्यावर एकच ओळ होती: ‘इम्पोर्टएरर: कॅनॉट इम्पोर्ट नेम मेन’. पिप सांभाळणाऱ्यांनी ऑक्टोबर २०१७ मध्येच याची सूचना दिली होती. ती मी वाचली नव्हती.

खरी चूक मी त्यानंतर केली. इम्पोर्टच्या ओळीत ‘_इंटर्नल’ घातलं, स्क्रिप्ट चालली, मुलांचा तास झाला आणि काम संपलं असं मी धरून चाललो. नावाआधीची ती खालची रेघ पायथनमध्ये मुद्दाम देतात. हा भाग घरच्यांसाठी आहे, उद्या हलवू, मोडू, काढून टाकू, असं ती सांगते. आपल्याकडे पाहुणा ओसरीवर बसतो, न विचारता माजघरात जात नाही. तीन वर्षं मी त्या माजघरात वावरत राहिलो. ऑक्टोबर २०२१ मध्ये पिप २१.३ आला आणि पॅकेजांची यादी देणारं ‘गेट_इन्स्टॉल्ड_डिस्ट्रिब्यूशन्स’ हे फंक्शनच नाहीसं झालं. टाळेबंदीनंतर संगणक पुन्हा सुरू केले तेव्हा तीच शाळा, तोच फोन.

तेव्हा कुठे मी पिपची माहितीपुस्तिका नीट वाचली. पिपचा कोड दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालावा म्हणून लिहिलेलाच नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. पिप सगळी प्रक्रिया आपलीच आहे असं समजून नोंदींची व्यवस्था बदलतो. शिवाय चालू प्रोग्रॅमच्या आतूनच पॅकेज बसवलं, तर आधी इम्पोर्ट झालेलं जुनंच स्मृतीत राहू शकतं. अशी चूक तर पडद्यावर दिसतही नाही, म्हणून मला ती जास्त धोक्याची वाटते.

आता मी पिपला वेगळी प्रक्रिया म्हणून हाक मारतो: ‘सबप्रोसेस’मधून, ‘सिस.एक्झिक्युटेबल’ला ‘-एम पिप’ जोडून. त्यामुळे चालू पायथनचाच पिप चालतो, भलत्याचा नाही. यादी हवी असेल तर ‘पिप लिस्ट’कडून जेसनमध्ये घेतो. नुसती आवृत्ती बघायची असेल तर पायथन ३.८ पासून सोबत येणारं ‘इम्पोर्टलिब.मेटाडेटा’ पुरतं, आणि आवृत्त्यांची तुलना करायला ‘पॅकेजिंग’ ही स्वतंत्र लायब्ररी आहे. रस्ट भाषेवाल्यांनाही पॅकेजेस सांभाळणाऱ्या ‘कार्गो’च्या पोटात शिरण्याऐवजी ‘कार्गो मेटाडेटा’ ही आज्ञा दिलेली आहे.

शाळा, सोसायटी, दुकान, जिथे तुमची स्क्रिप्ट दुसऱ्या कुणाच्या भरवशावर चालते, तिथल्या फाइलींत आज एकदा ‘पिप._इंटर्नल’ शोधा. सापडलं तर पुढची अद्ययावत आवृत्ती यायच्या आत काढून टाका.