गाभ्याचे लोखंड : विद्युत् चुंबक, रोहित्र आणि चोक

लोखंडी खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळून टाचण्या उचलण्याचा प्रयोग आपणांपैकी बहुतेकांनी शाळेत केला आहे. विद्युत् प्रवाह बंद करताच टाचण्या खाली पडतात. एखाद-दुसरी मात्र चिकटून राहते. प्रयोगवहीत तिची नोंद सहसा कोणी करीत नाही. खिळ्याऐवजी पोलादी दाभण घेतला, तर अशा अनेक टाचण्या चिकटून राहतील. चुंबकीय गाभ्याची निवड कशी करावी, या विषयाचे मूळ त्या न पडलेल्या टाचणीतच आहे.

कायमच्या चुंबकाने चुंबकत्व धरून ठेवावे, तर गाभ्याने ते घ्यावे आणि तत्काळ सोडून द्यावे, अशी अपेक्षा असते. कठीण पोलाद ते सहजी सोडत नाही. शुद्ध, मऊ लोखंड सोडते. इंग्लंडमधील विल्यम स्टर्जन यांनी 1825 साली नालेच्या आकाराच्या मऊ लोखंडावर तारेचे मोजकेच वेढे दिले आणि सुमारे 200 ग्रॅमच्या त्या तुकड्याने 4 किलोग्रॅम वजन उचलून दाखविले. बॅटरीच्या एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या विद्युत् चुंबकाला आजही असा भरीव गाभा पुरतो.

घरात येणारी वीज मात्र प्रत्यावर्ती आहे. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात प्रवाहाची दिशा सेकंदाला 100 वेळा उलटते आणि दर वेळी गाभ्यात उरलेले चुंबकत्व पुसून उलट दिशेचे निर्माण करावे लागते. त्यासाठी खर्ची पडणाऱ्या ऊर्जेची उष्णता होते. हिस्टेरिसिसची हानी म्हणतात ती हीच. दुसरी हानी निराळ्या कारणाने होते. लोखंड स्वतःही विजेचे वाहक असल्याने बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्याच्या आतच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. रोहित्राचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, गाभा भरीव ठेवला तर तो या एडी प्रवाहांनी तापून निघेल. म्हणून तो पातळ पत्र्यांचा रचतात व प्रत्येक पत्र्यावर विद्युत्रोधक लेप देतात. ही हानी जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते; पत्रा निम्म्या जाडीचा केला की ती एक-चतुर्थांशावर येते. आज वितरण रोहित्रांत 0.23 ते 0.27 मिलिमीटरचे पत्रे सर्रास आढळतात.

पत्र्याच्या धातूतही सुधारणा झाली. लोखंडात सुमारे 3 टक्के सिलिकॉन मिसळल्यास त्याचा विद्युत् रोध चौपटीहून अधिक वाढतो; त्याहून फार जास्त मिसळावे तर पत्रा ठिसूळ होतो. पुढे अमेरिकेत नॉर्मन गॉस यांनी पत्रा लाटण्याची अशी पद्धत शोधली की, त्यातील स्फटिक लाटण्याच्या दिशेला वळतात. 1934 साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. बाजारात ‘सीआरजीओ’ म्हणतात तो हा पत्रा. त्याचा गुण त्या एकाच दिशेने पुरता मिळतो. म्हणूनच मोठ्या रोहित्राच्या कोपऱ्यांत पत्रे 45 अंशांत तिरपे कापलेले दिसतात.

आपल्या शाळेतून आयटीआयकडे वळणाऱ्या मुलांसाठी इथे थोडे थांबतो. गावची डीपी जळते, कॉइल नवी बसते आणि डीपी परत येते. दुरुस्तीत सारे लक्ष तांब्या-ॲल्युमिनियमच्या तारेकडे असते. परंतु कॉइल काढण्यासाठी वरचे पत्रे उपसावे लागतात. ते वाकले, हातोडीने ठोकले गेले, तर आतील ताणामुळे हानी वाढते. कडेला बर राहिली तर पत्रे एकमेकांना विजेने जोडले जातात. सांध्यात फट राहिली तर बिनभाराचा प्रवाह वाढतो. डीपी चालू होतेच, त्यामुळे हा दोष कोणाला दिसत नाही. तिच्यावर एकही पंप चालू नसला, तरी गाभ्यातील हानी अहोरात्र सुरू असते. समजा, ती केवळ 50 वॉटने वाढली, तर वर्षाच्या 8760 तासांत 438 युनिट वीज वाया जाते. मजूर खात्याचे मंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे विजेचाही विषय होता, आणि 1943 साली त्यांनी वीज स्वस्त व मुबलक असली पाहिजे, असा आग्रह धरला होता. पत्रे रचणाऱ्याच्या हातांशी त्या स्वस्ताईचा असा थेट संबंध आहे.

रोहित्रात जी फट दोष ठरते, तीच चोकमध्ये मुद्दाम ठेवतात. लहान रोहित्रात ‘ई’ आणि ‘आय’ आकाराचे पत्रे एकाआड एक उलटसुलट गुंफतात. चोकमध्ये सारे ‘ई’ एका बाजूला, सारे ‘आय’ दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कागद. कारण चोकला ऊर्जा साठवायची असते. 10 सेंटिमीटर लांबीच्या चुंबकीय मार्गाच्या गाभ्याची पार्यता हवेच्या 2000 पट असेल, तर चुंबकीय रोधाच्या दृष्टीने तो हवेच्या केवळ 0.05 मिलिमीटर थराइतका आहे. त्यात 1 मिलिमीटर फट ठेवली की एकूण रोध 21 पट होतो. प्रवर्तन तितकेच घटते. पण गाभा संपृक्त होण्यापूर्वी 21 पट प्रवाह पेलता येतो. ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने साठाही 21 पट होतो, आणि तो जवळजवळ सगळा फटीतल्या हवेत असतो! माझ्या मते हा या विषयातील सर्वांत सुंदर हिशेब आहे.

मोबाइलच्या चार्जरमध्ये वारंवारता 1 लाख हर्ट्झच्या आसपास जाते. तेथे सिलिकॉन पोलादाचा पातळ पत्राही भाजून निघेल. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत स्नूक यांच्या संशोधनातून पुढे आलेले फेराइट तेथे उपयोगी पडते. ते लोह, मँगनीज, जस्त यांच्या ऑक्साइडांचे, चिनी मातीसारखे भाजलेले काळे द्रव्य असून त्याचा विद्युत् रोध लोखंडाच्या लाखो पट असतो. मात्र ते सुमारे 0.4 टेस्लालाच संपृक्त होते; सिलिकॉन पोलाद 2 टेस्लापर्यंत जाते. म्हणून 50 हर्ट्झला फेराइट वापरणे व्यर्थ. शिवाय ते ठिसूळ आहे. हातून पडून तुटलेला गाभा चिकटवून बसविण्याचा मोह होतो. पण गोंदाचा तो थर म्हणजे पुन्हा एक फट, आणि मूळ रचनेत तिचा हिशेब कोणी धरलेला नसतो.