सुरू होतानाच दमणारा कॉम्प्युटर

आपल्या हॉस्टेलमधलं हे दृश्य रोजचंच आहे. लॅपटॉपचं बटण दाबायचं, ब्रश करून यायचं, मेसमधून चहा आणायचा, तरी स्क्रीनवर ते चक्र फिरतंच आहे! मग रूम पार्टनर निकाल देतो, "रॅम कमी पडते" किंवा "फॉरमॅट मार." बऱ्याच वेळा दोन्हींची गरज नसते. कॉम्प्युटर सुरू होताना न बोलावता कोण कोण उठून बसतं, एवढं बघितलं तरी पुरतं. पण हे बघायचं कसं, हे मी लॅबमध्ये शिकलो नाही. ते शिकलो माझ्या गावी, वडनेर भोलजीला, आणि तेही चांगली फजिती झाल्यावर.

वडनेर नांदुरा तालुक्यात, मलकापूर-नांदुरा हायवेवर आहे. तिथे माझ्या मावसभावाचं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं सेंटर आहे. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी सेकंड इयरला होतो. दादाचा कॉम्प्युटर जुना, विंडोज १० चा, साधी हार्ड डिस्क असलेला. घड्याळ लावून बघितलं तर कामाला यायला ९ मिनिटं! मध्येच लाइट गेली की पुन्हा ९ मिनिटं, आणि बाकावर बसलेली माणसं ताटकळत. दादा म्हणाला, "घरात इंजिनिअर हाय, मंग मी मेकॅनिकले पैसे कायले देऊ?" मला तेवढंच पाहिजे होतं.

गर्दी होते तरी का?

एस.टी. स्टँडवर बस लागली की काय होतं आठवा. दार एकच, चढणारे पन्नास, आणि कोणी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो. हार्ड डिस्कचं असंच आहे. ७२०० आर.पी.एम.ची डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदात मारते. म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४.२ मिलिसेकंद, आणि हेड त्या ट्रॅकवर न्यायला साधारण ९. दोन्ही मिळून १३ धरा. मग विखुरलेल्या जागांवरचं वाचन सेकंदाला ७५ च्या आसपासच होणार! वीस प्रोग्रॅम एकदम "माझी फाइल आधी" म्हणू लागले की प्रोसेसर रिकामा बसतो आणि हेड नुसतं इकडून तिकडे धावतं. एस.एस.डी.त फिरणारं काहीच नसल्यामुळे हा त्रास फार कमी होतो, पण रॅम अडते ती अडतेच.

शिरण्याचे दरवाजे

विंडोजमध्ये आपोआप सुरू होण्याच्या मुख्य वाटा चार आहेत. पहिली, स्टार्टअप फोल्डर. दुसरी, रजिस्ट्रीमधली 'रन' नावाची की. तिसरी, सर्व्हिसेस. आणि चौथी, टास्क शेड्युलर. पहिल्या दोन वाटांनी येणारे बहुतेक प्रोग्रॅम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत दिसतात. ही सोय २०१२ च्या विंडोज ८ पासून आली, त्याआधी एक्स.पी.वर एमएसकॉन्फिग उघडावं लागे. पण सर्व्हिसेस त्या यादीत येत नाहीत. त्या पडद्यामागे चालतात, आणि माझी फजिती तिथेच झाली.

मी शहाणपणा केला तो असा

स्टार्टअप यादीतून गाण्यांचं प्लेअर, दोन चॅटिंगची सॉफ्टवेअर, तीन अपडेटर असं बरंच बंद केलं. ९ ची ४ मिनिटं झाली. इथे थांबायला हवं होतं! पण हात शिवशिवत होते. एमएसकॉन्फिग उघडलं, सर्व्हिसेसमध्ये 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक केली आणि उरलेल्या सगळ्यांवर 'डिसेबल ऑल' मारलं. कॉम्प्युटर ३ मिनिटांत सुरू! दादाने चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेतून रिटायर झालेले एक आजोबा आले. नोव्हेंबर महिना, पेन्शनसाठी हयातीचा दाखला, म्हणजे जीवन प्रमाण काढायचं होतं. अंगठा ठेवला, पण मशीनचा लाल दिवाच लागेना. केबल बदलली, पोर्ट बदललं, काही नाही. आजोबा म्हणाले, "मी जित्ता हावो का मेलो, हे आता हे मशीन ठरवीन का बापू?" सगळे हसले. मला मात्र हसू येईना.

अंगठ्याच्या मशीनला 'आर.डी. सर्व्हिस' लागते. बोटाचा ठसा सही आणि एन्क्रिप्शनसह पुढे पाठवणारा प्रोग्रॅम तोच. तो नसेल तर आधारची पडताळणी होत नाही. मी तोच बंद केला होता. बरं, काय काय चालू होतं ते लिहूनही ठेवलं नव्हतं. एकेक सर्व्हिस चालू करून बघत बसलो, मध्ये लाइट गेली. संध्याकाळी दिवा लागला तेव्हा दादा मोटारसायकलवर जाऊन आजोबांना परत घेऊन आला. दाखला निघाला. पण एका म्हाताऱ्या माणसाचा दिवस माझ्या सहा मिनिटांच्या हौसेपायी गेला होता.

तुम्ही असं करा

१. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा आणि स्टार्टअपची यादी उघडा. आधी मोबाइलवर तिचा फोटो काढा!

२. 'स्टार्टअप इम्पॅक्ट'चा रकाना बघा. 'हाय' म्हणजे त्या प्रोग्रॅमने सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एम.बी.हून जास्त वाचन-लेखन घेतलं. सुरुवात यांच्यापासून करा.

३. एका वेळी एकच बंद करा आणि 'रीस्टार्ट' करून बघा. 'शट डाउन' नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउननंतर विंडोज पूर्ण नव्याने उठत नाही.

४. 'डिसेबल' म्हणजे काढून टाकणं नव्हे. प्रोग्रॅम जागेवरच राहतो, हवा तेव्हा हाताने उघडता येतो.

५. अँटिव्हायरस, टचपॅड आणि साउंड यांना हात लावू नका. अनोळखी नाव दिसलं तर बनवणारा कोण ते तपासा. व्हायरसही याच वाटांनी शिरतात.

६. सर्व्हिसेसमध्ये 'डिसेबल ऑल' कधीच नाही. एखादी सर्व्हिस उशिरा चालली तरी भागत असेल तर तिला 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' द्या. म्हणजे ती गर्दी ओसरल्यावर येते.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण विंडोज ११ मध्येही या गोष्टी अशाच आहेत.

शेवटी एकच सांगतो. यादी उघडल्यावर आपण विचारतो, "यातलं काय बंद करता येईल?" त्याआधी विचारा, "या मशीनवर कोण बसतं, आणि त्याचं कोणतं काम यातल्या कशावर अडतं?" स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल प्रयोग करा. दुसऱ्याच्या मशीनला हात लावताना मात्र आधी त्याच्या शेजारी बसून त्याचा एक दिवस बघा. दादाच्या सेंटरमध्ये आजही भिंतीवर माझ्या हातची यादी चिकटवलेली आहे. सर्वांत वर लिहिलंय : अंगठ्याचं बंद करू नये!