जुन्या मोडेम-राउटरचा फेरउपयोग : एकाच जोडणीवरून घर, गोदाम व गोठा यांना बिनतारी इंटरनेट

जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत शेतीचा बराचसा व्यवहार आता इंटरनेटद्वारे होऊ लागला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीची नोंद मोबाइलवरून करावयाची असते. ठिबक संच, औजारे इत्यादींच्या अनुदानाचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्यांसाठी ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी ठेवण्यात आली. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामानावर आधारित कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. अर्ज व नोंदी यांना मुदत असते आणि फवारणीचा सल्ला वेळेवर मिळाला तरच उपयोगी पडतो. दिरंगाई झाल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते.

अनेक घरांत तारेने आलेली इंटरनेटची जोडणी आहे. परंतु तिची पेटी पुढच्या खोलीत असते. माळवदाच्या घरांच्या जाड भिंती व पत्र्याच्या शेड यांमुळे बिनतारी लहरी मागील गोदामापर्यंत किंवा गोठ्याशेजारच्या खोलीपर्यंत पोहोचत नाहीत. त्याच वेळी जुना मोडेम-राउटर फळीवर धूळ खात पडलेला असतो. भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड सेवा सुरू केली, त्यानंतरच्या काळात अशा पेट्या घरोघरी आल्या. आता काचतंतूची जोडणी व तिची नवी पेटी आल्यामुळे त्या निकामी समजल्या जातात. वस्तुतः टेलिफोनच्या तारेशी असलेला तिचा संबंध तेवढा संपलेला असतो. तिच्यातील बिनतारी भाग व तारेच्या खाचा यांचा पुढे वर्षानुवर्षे उपयोग करून घेता येतो. तो कसा करावा, हे प्रस्तुत लेखात सांगितले आहे.

मूळ तत्त्व

इंटरनेटची जोडणी ही विहीर मानली, तर जुनी पेटी ही पुढे काढलेली चारी होय. चारी वाढविल्याने विहिरीचे पाणी वाढत नाही. ते लांबच्या वाफ्यापर्यंत पोहोचते इतकेच. म्हणून मूळ जोडणीच संथ असेल तर या उपायाने वेग वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाण्याच्या पाळ्या ठरविणारा पाटकरी एकच असावा लागतो. दोन पाटकऱ्यांनी आपापल्या परीने पाळ्या लावल्यास भांडणे होतात व पाणी कोणासच धड मिळत नाही. इंटरनेटच्या पेटीतही प्रत्येक मोबाइलला क्रमांकरूपी पत्ता वाटून देणारी यंत्रणा असते. तिला डीएचसीपी म्हणतात. हे काम नव्या, मुख्य पेटीकडेच ठेवावे आणि जुन्या पेटीतील वाटप बंद करावे. सर्व कृतीचे सार हेच आहे.

आवश्यक साहित्य

(१) चालू स्थितीतील जुना मोडेम-राउटर व त्याचा अ‍ॅडॉप्टर. अ‍ॅडॉप्टर हरवला असल्यास पेटीमागे लिहिलेल्या व्होल्टचाच घ्यावा. अँपिअर तितके किंवा अधिक चालतील. टोकाचे धन-ऋण जुळते की नाही हे पाहावे.
(२) दोन्ही टोकांना प्लग बसविलेली, तांब्याच्या तारांची नेटवर्क केबल. तिची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक असू नये.
(३) मांडणी करण्यापुरता एक संगणक.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करावी. काही कंपन्या पेटी केवळ वापरण्यास देतात व ती परत करावी लागते. अशी पेटी वापरू नये. तसेच पेटीत डब्ल्यूपीए-२ या प्रकारचे संरक्षण असले पाहिजे. फक्त डब्ल्यूईपी हा जुना प्रकार असेल तर ती पेटी बिनतारी कामास घेऊ नये, कारण तिचे कुलूप सहज तुटते.

कृती

१. जुनी पेटी विजेस जोडावी. मागील बारीक छिद्रातील रीसेटचे बटण टाचणीने सुमारे दहा सेकंद दाबून धरावे. त्यामुळे पूर्वीची मांडणी पुसली जाते.

२. संगणक केबलने जुन्या पेटीच्या ‘लॅन’ खाचेस जोडावा. या वेळी ही पेटी मुख्य पेटीस जोडलेली नसावी. ब्राउझरमध्ये पेटीमागे छापलेला पत्ता लिहावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो व इंग्रजी आकड्यांत लिहावयाचा असतो. वापरकर्त्याचे नाव व सांकेतिक शब्दही तेथेच छापलेले असतात.

३. प्रथम बिनतारी विभागात जाऊन जोडणीस ‘गोदाम’ यासारखे ओळखू येणारे वेगळे नाव द्यावे. संरक्षण डब्ल्यूपीए-२ ठेवावे व निदान बारा अक्षरांचा सांकेतिक शब्द घालावा. मुख्य पेटी ज्या वाहिनीवर चालते ती सोडून १, ६ किंवा ११ यांपैकी दुसरी वाहिनी निवडावी.

४. पेटीचे व्यवस्थापन करण्याचा मूळ सांकेतिक शब्दही बदलावा व तो वहीत लिहून ठेवावा.

५. आता ‘लॅन’ विभागात पेटीचा स्वतःचा पत्ता बदलावा. त्याचे पहिले तीन भाग मुख्य पेटीच्या पत्त्याप्रमाणेच ठेवावेत. शेवटचा भाग मुख्य पेटीच्या वाटपाबाहेरचा असावा. उदाहरणार्थ, मुख्य पेटी १९२.१६८.१.१ या पत्त्यावर असून ती १०० ते २०० हे क्रमांक वाटत असेल, तर जुन्या पेटीस १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यावा. यानंतर पान बंद पडल्यासारखे दिसेल. घाबरून न जाता केबल एकदा काढून पुन्हा लावावी व नव्या पत्त्यावर पान उघडावे.

६. डीएचसीपी बंद करून मांडणी जतन करावी.

७. मुख्य पेटीच्या लॅन खाचेपासून जुन्या पेटीच्या लॅन खाचेपर्यंत केबल जोडावी. ‘वॅन’ लिहिलेली खाच व टेलिफोनच्या तारेची खाच दोन्ही मोकळ्या ठेवाव्यात.

मोबाइल नव्या नावाच्या जोडणीस लावून एखादे संकेतस्थळ उघडल्यास काम साधले असे समजावे. जोडणी दिसते परंतु इंटरनेट येत नाही, असे घडल्यास तीन ठिकाणी तपासावे : केबल योग्य खाचेत आहे काय, डीएचसीपी खरोखर बंद झाला आहे काय, आणि दोन पेट्यांचे पत्ते एकच तर नाहीत ना.

जागा व निगा

पेटी कोरड्या जागी, डोक्याच्या उंचीवर बसवावी. पत्रा लहरी अडवितो, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये इंटरनेट हवे असेल तर पेटी शेडच्या आतच हवी. लोखंडी कपाटात मात्र ठेवू नये. गोठ्यातील दमट हवा व मूत्राची वाफ यांमुळे पेटीतील धातूचे भाग गंजतात. ती शेजारच्या खोलीत लावावी. गोदामात उंदीर केबल कुरतडतात, यासाठी केबल नळीतून न्यावी. मोटारीच्या विजेच्या तारांसोबत किंवा विजेच्या खांबावरून ती कदापि नेऊ नये.

विजांची भीती विशेष ध्यानात घ्यावी. मराठवाड्यात पावसाळ्याच्या आरंभी व परतीच्या पावसात कडकडाटी वादळे होतात. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून नेलेली तांब्याची केबल ही वीज घरात येण्याची वाट ठरू शकते. आकाशात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच दोन्ही पेट्यांचे प्लग आणि नेटवर्क केबल काढून ठेवावी. वादळ सुरू असताना त्यांना हात लावू नये. अंतर अधिक असल्यास तांब्याऐवजी काचतंतूची केबल जाणकाराकडून टाकून घेणे हितावह आहे.

विजेचा खर्च अल्प आहे. सहा वॅट घेणारी पेटी अहोरात्र चालू ठेवली तरी महिन्यास सुमारे सव्वाचार युनिट लागतात. भारनियमनाच्या गावात मुख्य पेटी व ही पेटी दोन्ही इन्व्हर्टरवर घ्याव्यात. एकच घेतल्यास उपयोग नाही.

जबाबदारी

बिनतारी जोडणी उघडी ठेवणे म्हणजे घराचे दार उघडे टाकून गावास जाण्यासारखे आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद येथील बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठविलेला ई-मेल नवी मुंबईतील एका सदनिकेच्या असुरक्षित बिनतारी जोडणीवरून गेल्याचे आढळले आणि तपास प्रथम त्या घरापर्यंत पोहोचला. जोडणी ज्याच्या नावावर, विचारणा प्रथम त्यालाच होते. म्हणून सांकेतिक शब्द घरच्या माणसांपुरताच ठेवावा. गावकऱ्यांना मोबदला घेऊन इंटरनेट देण्याची इच्छा असल्यास केंद्र सरकारने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेतूनच ते द्यावे. तीत लहान दुकानदारासही परवान्याविना सेवा केंद्र चालविता येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयाचे केवळ भाषण न करता प्रात्यक्षिक करावे. प्रत्येक गावात ज्या घरी तारेची जोडणी व जुनी पेटी दोन्ही आहेत असे एक घर निवडावे आणि वरील सात पायऱ्या घरातील शिकलेल्या मुलामुलींच्या हातून करवून घ्याव्यात. स्वतः सर्व करून देऊ नये, कारण पेटी पुन्हा बिघडली तर ती दुरुस्त करणारा हात त्याच घरात असला पाहिजे. पेटीवर तिचा नवा पत्ता व मांडणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. पूर्णपणे बंद पडलेल्या पेट्या जाळू अगर उकिरड्यावर टाकू नयेत. अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्याव्यात.

कपाशीच्या बोंडात अळी दिसताच गोदामातूनच छायाचित्र खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पाठविता आले, किंवा घरातील स्त्रीस मागच्या खोलीत बसून अर्जाची स्थिती स्वतः पाहता आली, तर केबलचा खर्च भरून निघाला असे समजण्यास हरकत नाही. ई-पीक पाहणीची मुदत जवळ येण्याची वाट न पाहता हे काम सवडीच्या दिवसांत उरकून घेणे श्रेयस्कर होय.